वाईट बातमी वर पोहोचते कशी?

कॅलिफोर्नियातल्या इंटेल कंपनीत 1970 च्या दशकात आपल्याकडच्या लेट मार्कसारखीच एक पद्धत होती. सकाळचे 8 वाजून 5 मिनिटं झाली की दाराशी एक कागद ठेवला जाई आणि त्यानंतर येणाऱ्यानं त्यावर नाव लिहूनच आत जायचं. आदल्या रात्री कोण किती वाजेपर्यंत राबलं होतं, याची चौकशी नाही. चिपसारखी अवघड गोष्ट घडवणाऱ्या इंजिनिअरांना हा प्रकार शाळकरी वाटे आणि ते तसं बोलूनही दाखवत. ही पद्धत चालवणारे अँडी ग्रोव्ह यांना उशीर झाला तर तेही त्याच कागदावर सही करत. नाताळच्या आदल्या दिवशी अर्ध्या दिवसात घरी पळू नका, असं बजावणारं पत्रकही त्यांनी काढलं होतं. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव डिकन्सच्या गोष्टीतल्या कंजूष म्हाताऱ्यावरून 'स्क्रूज मेमो' असं ठेवलं.

यशस्वी उद्योजकांच्या सवयींवरची पुस्तकं अशा गोष्टींनी भरलेली असतात. कुणी पहाटे चारला उठतो, कुणी थंड पाण्यानं अंघोळ करतो. ग्रोव्ह यांच्याबद्दलही हेच किस्से सगळ्यात जास्त सांगितले जातात आणि माझ्या मते तेच सगळ्यात कमी उपयोगाचे आहेत. सहीचा तो कागद पुढे कंपनीनं स्वतःच बंद केला, त्यानं काही बिघडलं नाही. ग्रोव्ह यांच्याकडून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. कंपनीत खाली कळलेली गोष्ट, विशेषतः नको असलेली गोष्ट, साहेबाच्या कानापर्यंत पोहोचावी यासाठी त्यांनी रोजच्या कामात काही वाटा मुद्दाम तयार केल्या होत्या. त्या वाटांनी एकदा कंपनी वाचवली. एकदा मात्र त्या असूनही त्यांच्यापर्यंत काही पोहोचलं नाही.

माणूस मुळात कुठला, हे थोडक्यात सांगायला हवं. जन्म 1936 चा, बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबातला. मूळ नाव आंद्राश ग्रोफ. चौथ्या वर्षी लोहितज्वर झाला आणि कान कायमचे अधू झाले. जर्मनांनी हंगेरी ताब्यात घेतल्यावर आईनं मुलाला घेऊन खोट्या नावानं लपून दिवस काढले. वडिलांना सक्तीच्या मजुरीवर नेलं होतं, ते जिवंत परतले. 1956 चा उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडला तेव्हा वीस वर्षांचा आंद्राश सीमा ओलांडून ऑस्ट्रियात गेला आणि तिथून निर्वासितांच्या जहाजानं अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून 1960 मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची पदवी, 1963 मध्ये बर्कलीहून डॉक्टरेट, मग फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर. रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी 1968 साली फेअरचाइल्ड सोडून इंटेल काढली, तेव्हा ग्रोव्ह पहिल्या दिवसापासून त्यांच्याबरोबर होते. 1979 मध्ये ते प्रेसिडेंट झाले, 1987 मध्ये सीईओ.

इंटेलमध्ये बड्या अधिकाऱ्यांना बंद केबिन नव्हती. ग्रोव्ह इतरांसारखेच 8 बाय 9 फुटांच्या खोपट्यात बसत आणि पार्किंगमध्ये त्यांच्या नावाची राखीव जागा नसे. आपल्याकडे हे 'साधी राहणी' या खात्यात जमा होतं आणि कौतुक करून विषय संपतो. ग्रोव्ह यांचं कारण फारच रोखठोक होतं. तंत्रज्ञानाच्या धंद्यात, ते म्हणत, नव्यानं कॉलेजातून आलेल्या पोराकडे ताजं ज्ञान असतं आणि अधिकार नसतो. दहा वर्षांनी तोच पोरगा मॅनेजर होतो, त्याच्या हाती अधिकार येतो आणि ज्ञान शिळं झालेलं असतं. निर्णय बरोबर यायचा तर या दोघांनी एकाच टेबलाशी बसून, पदाचा मुलाहिजा न ठेवता भांडायला हवं. साहेब म्हणतील ती पूर्व दिशा, असं एकदा ठरलं की ताजं ज्ञान असलेला गप्प बसतो. केबिन, गालिचा, राखीव पार्किंग या वस्तू त्याला गप्प बसायला शिकवतात, म्हणून त्या नकोत.

1983 साली त्यांनी 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' हे पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवात उकडलेल्या अंड्यापासून होते. कॉलेजात शिकताना ग्रोव्ह यांनी वेटरचं काम केलं होतं. तीन मिनिटं उकडलेलं अंडं, लोणी लावलेला टोस्ट आणि कॉफी हा नाश्ता गिऱ्हाइकापुढे एकाच वेळी गरम पोहोचवायचा, तर आधी काय सुरू करायचं? सगळ्यात जास्त वेळ अंड्याला लागतो, म्हणून साऱ्या कामाची आखणी अंड्याभोवती करायची. टोस्टर मोकळा नसेल तर काय, एखादं अंडं सडकं निघालं तर ते उकडण्याआधी कळलेलं बरं की गिऱ्हाइकानं फोडल्यावर, अशा प्रश्नांमधून ते वाचकाला थेट चिपच्या कारखान्यात नेतात. सडक्या अंड्याचा मुद्दा त्यातला महत्त्वाचा. दोष जितक्या लवकर हाती लागेल तितकं नुकसान कमी, हा कारखान्याचा नियम त्यांनी माणसांच्या व्यवस्थेलाही लावला.

त्यांचं मुख्य सूत्र असं, की मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या हाताखालच्या लोकांचं उत्पादन, आणि त्याचा ज्यांच्यावर प्रभाव पडतो अशा शेजारच्या विभागांचंही. तो स्वतः किती घाम गाळतो याला त्यात जागा नाही. पुस्तकात त्यांनी आपल्या एका दिवसाचा तक्ताच दिला आहे. सकाळी आठला राजीनामा दिलेल्या एका मॅनेजरशी बोलणं, त्याला थांबवता येईल असं वाटल्यावर दुसऱ्या कुणाशी बोलून बघ असं सुचवणं. दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवताना प्रशिक्षण विभागाची माणसं शेजारी बसली आणि वरिष्ठ लोक परदेशातल्या केंद्रांवर शिकवायला येत नाहीत अशी तक्रार करून गेली. नव्या भरतीपुढे व्याख्यान. अशी पंचवीसेक कामं. दोन तृतीयांश वेळ कुठल्या ना कुठल्या बैठकीत गेलेला. ठोस निर्णय त्यात थोडेच. बहुतेक वेळ माहिती घेण्यात, देण्यात आणि कुणाला तरी हलकेच योग्य दिशेला ढकलण्यात. दिवस काम संपल्यामुळे संपत नाही, आपण दमल्यामुळे संपतो, हेही त्यांनी तिथं कबूल केलं आहे.

या सगळ्या सवयींमध्ये एक सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. आज हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत प्रत्येक आयटी कंपनीत 'वन-ऑन-वन' हा शब्द कानावर पडतो. साहेब आणि त्याच्या हाताखालचा एक माणूस यांची ठराविक दिवसांनी होणारी भेट. बऱ्याच ठिकाणी तिचं रूप असं असतं : साहेब लॅपटॉपवर ईमेल बघत विचारतात, काम कुठवर आलं, समोरचा म्हणतो, चाललंय, दहा मिनिटांत दोघं मोकळे. ग्रोव्ह यांच्या पद्धतीत ही भेट हाताखालच्याची असते. विषय त्यानं ठरवायचे, कागदावर टिपून आणायचे. साहेबानं ऐकायचं आणि माणूस एका मुद्द्यावर थांबला की आणखी एक प्रश्न विचारायचा. दोघांनीही नोंदी घ्यायच्या, कारण लिहून घेतलं की ते करण्याचं बंधन येतं. भेट शक्यतो हाताखालच्याच्या जागी व्हावी. तिथं गेलं की त्याच्या टेबलावर कागद सापडतात की शोधावे लागतात, त्याला दर पाच मिनिटांनी कुणी येऊन अडवतं का, हे न विचारता दिसतं.

आणि ती किमान तासाभराची हवी. याचं कारण ज्यानं कुठेही नोकरी केली आहे त्याला लगेच पटेल. मनात खुपणारी गोष्ट माणूस सुरुवातीला कधीच काढत नाही. आधी यंत्राचं, मालाचं, तारखांचं बोलून घेतो आणि उठायला पाच मिनिटं उरली की म्हणतो, जाता जाता एक सांगायचं होतं. नोकरी सोडण्याचा विचार, सहकाऱ्याशी बिनसलेलं, प्रकल्पाची तारीख पाळता येणार नाही याची खात्री, हे सगळं त्या 'जाता जाता'मध्ये असतं. वीस मिनिटांच्या भेटीत तो क्षण येतच नाही. ग्रोव्ह हिशोबी माणूस. साहेबाची दीड तासाची भेट हाताखालच्याच्या पुढच्या दोन आठवड्यांच्या, म्हणजे ऐंशी तासांच्या, कामाचा दर्जा बदलू शकते, तेव्हा याहून फायद्याचा सौदा दुसरा नाही, असं त्यांनी मांडलं आहे. भेटी किती दिवसांनी घ्यायच्या, हे माणूस त्या विशिष्ट कामात किती मुरलेला आहे यावर. एका कामात तरबेज असलेल्याला दुसऱ्या कामावर घातलं तर तो तिथं नवखाच, आणि त्याला त्या हिशोबानंच भेटायचं. बढती मिळालेल्या कितीतरी चांगल्या माणसांची फरफट साहेबांना एवढं न कळल्यामुळे होते.

आता या वाटांनी कंपनी वाचली ती गोष्ट. इंटेलचा जन्मच मेमरी चिपवर झालेला. 1970 साली आलेल्या त्यांच्या 1103 या चिपनं जुन्या पद्धतीच्या चुंबकीय मेमरीची सद्दी संपवली होती. 1980 च्या दशकात जपानी कंपन्या उतरल्या. त्यांचा माल स्वस्त होता, आणि अधिक झोंबणारी गोष्ट म्हणजे दर्जालाही सरस. इंटेलमध्ये वर्षभर चर्चांचं गुऱ्हाळ चाललं. मेमरी सोडायची कशी? तंत्रज्ञान पुढे रेटायला मेमरीच हवी, गिऱ्हाइकांना सगळा माल एकाच दुकानात लागतो, या दोन समजुतींना कुणी हात लावत नव्हतं.

1985 च्या मध्यावर ग्रोव्ह आणि मूर बसले होते. खिडकीतून ग्रेट अमेरिका या करमणूक उद्यानाचा आकाशपाळणा फिरताना दिसत होता. ग्रोव्ह यांनी विचारलं, संचालक मंडळानं आपल्या दोघांना हाकलून नवा सीईओ आणला तर तो पहिलं काय करेल? मूर यांचं उत्तर तयार होतं : मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते काम करू, असं ग्रोव्ह म्हणाले.

व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट इथं संपते. पण खरी मौज पुढे आहे. ते दोघं हा निर्णय घेत होते तेव्हा इंटेलच्या आठ कारखान्यांपैकी फक्त एकात मेमरी बनत होती! वरची मंडळी वाद घालत असताना खालच्या उत्पादन आखणाऱ्यांनी महिन्यामहिन्यानं कारखाने मायक्रोप्रोसेसरकडे वळवले होते. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. सिलिकॉनच्या प्रत्येक चकतीमागे ज्या मालात जास्त नफा मिळेल त्याला यंत्रं द्यायची, एवढा साधा नियम त्यांच्या हाती होता आणि मेमरीत नफा उरला नव्हता. नेत्यानं लांबवरचं पाहायचं आणि कामगारांनी हुकूम पाळायचा, या लाडक्या चित्राला ही घटना चांगलाच तडा देते. ग्रोव्ह यांनी स्वतःच ती तशी नोंदवून ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. निर्णय झाल्यावरही त्यांची जीभ अडखळत होती, मेमरी विभागाचे प्रमुख टाळाटाळ करत होते. शेवटी गिऱ्हाइकांना कळवलं तेव्हा काहींनी शांतपणे म्हटलं, बराच वेळ लावलात. 1986 मध्ये कंपनीला 17 कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला, त्या काळात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढच्या दहा वर्षांत मात्र जगातले बहुतेक पीसी इंटेलच्या प्रोसेसरवर चालू लागले.

या माणसाच्या हाताखाली काम करणं सुखाचं होतं असं नाही. 'विधायक खडाजंगी' म्हणता येईल अशा पद्धतीचे इंटेलमध्ये रीतसर वर्ग घेतले जात : प्रश्नावर तुटून पडायचं, माणसावर नाही, वाद संपून निर्णय झाला की मनाविरुद्ध असला तरी तो मनापासून राबवायचा. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात ग्रोव्ह यांचा आवाज चढला की समोरच्याची पाचावर धारण बसे, आणि प्रश्न कुठे संपतो नि माणूस कुठे सुरू होतो ही रेघ त्या क्षणी कुणाला दिसत नसे. वाईट बातमी ऐकायची आहे असं म्हणणारा साहेब ती ऐकताना ओरडत असेल, तर बातमी आणणारे हळूहळू कमी होतात. इंटेलमध्ये ते पुरते संपले नाहीत, याचं श्रेय मी तरी ओरडण्याला देणार नाही.

1994 साली नेमकं हेच कोडं त्यांच्यापुढे आलं. पेंटियम ही चिप आदल्या वर्षी बाजारात आली होती. तिच्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेले विनोद धाम जन्मानं पुण्याचे. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर आकडेमोड करत असताना पेंटियमचा भागाकार चुकतोय असं त्यांच्या ध्यानात आलं. भागाकारासाठी चिपमध्ये जो तक्ता कोरलेला होता त्यातल्या काही जागा रिकाम्या राहिल्या होत्या. इंटेलच्या लोकांना ही चूक त्याआधीच सापडलेली होती. त्यांनी हिशोब केला : नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकणार, म्हणजे साध्या वापरात 27,000 वर्षांतून एकदा. तेव्हा ज्यांना खरोखर क्लिष्ट गणितं करायची आहेत त्यांनी तसं पटवून द्यावं, आम्ही चिप बदलून देऊ. इंजिनिअरच्या डोक्यानं पाहिलं तर यात काही चूक नव्हती.

लोक खवळले. 12 डिसेंबरला आयबीएमनं पेंटियम बसवलेले संगणक पाठवणं थांबवलं. त्यांच्या हिशोबानं ही चूक दर 24 दिवसांनी गाठू शकत होती. ग्रोव्ह यांच्या खोपट्याजवळच्या बारा जणांच्या खोलीत दिवसातून अनेकदा तीसहून अधिक माणसं कोंबून बसू लागली. कर्मचाऱ्यांना घरचे, मित्र, शेजारी विचारत होते की तुमच्या कंपनीनं हे काय चालवलंय. 20 डिसेंबरला ग्रोव्ह नमले : मागेल त्याला चिप बदलून मिळेल. खर्च 47.5 कोटी डॉलर. फोन उचलायला माणसं पुरेनात म्हणून डिझाइनचे, मार्केटिंगचे लोक टेबलाशी जाऊन बसले.

इतक्या वाटा खोदलेल्या असताना हे त्यांना आधी का कळलं नाही? 1991 पासून 'इंटेल इनसाइड'ची जाहिरात करून कंपनीनं आपलं नाव थेट घराघरातल्या गिऱ्हाइकापर्यंत नेलं होतं. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर. त्याला 27,000 वर्षांचा हिशोब पटायचा. आता ते होतं घरी पोराच्या अभ्यासासाठी संगणक घेणारं कुटुंब, आणि त्याला एवढंच कळत होतं की आपण सदोष माल विकत घेतलाय. ग्रोव्ह यांच्या सगळ्या वाटा कंपनीच्या आतल्या होत्या. बाहेरचं जग बदललं आहे हे सांगणाऱ्याला त्यांवर यायला जागा नव्हती. 1996 च्या 'ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह' या पुस्तकाची सुरुवात त्यांनी याच फजितीनं केली. त्यात त्यांचा भर आहे तो बाजारात फिरणाऱ्या विक्रेत्यांवर आणि मधल्या फळीतल्या मॅनेजरांवर. धोक्याची चाहूल त्यांना आधी लागते, म्हणून त्यांच्याकडून येणाऱ्या ईमेलना ते रोज दोनेक तास देत.

1995 मध्ये त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा घरच्या प्रश्नालाही त्यांनी माहिती थेट मुळापासून मिळवण्याची हीच रीत लावली. वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळे उपाय सांगत होते. सर्जन सर्जरी सुचवत होता, किरणोपचार करणारा किरणोपचार. मग ग्रोव्ह यांनी मूळ शोधनिबंध मिळवले, त्यांतले आकडे काढून एकमेकांशेजारी आलेख मांडले आणि स्वतःपुरता किरणोपचाराचा एक प्रकार निवडला. सगळी हकिगत त्यांनी मे 1996 च्या 'फॉर्च्यून'मध्ये लिहिली. मोठ्या कंपनीच्या प्रमुखानं आपल्या आजाराबद्दल इतकं उघड लिहिण्याची तेव्हा रीत नव्हती. त्यानंतर ते वीस वर्षं जगले. 21 मार्च 2016 रोजी, 79 व्या वर्षी ते गेले.

त्यांची जी पद्धत आज सगळ्यात जास्त पसरली आहे ती उद्दिष्टं आणि त्यांची मोजता येणारी फलितं लिहून ठेवण्याची, म्हणजे ओकेआर. 1970 च्या दशकात इंटेलमध्ये ती शिकलेल्या जॉन डोअर यांनी 1999 मध्ये ती गूगलच्या दोघा संस्थापकांना समजावून सांगितली आणि तिथून ती जगभर गेली. आपल्याकडच्या कंपन्यांतही दर तिमाहीला ओकेआरचे तक्ते भरले जातात. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी ते सरळ पगारवाढीला जोडलेले असतात, आणि मग जो तो सहज गाठता येतील अशीच उद्दिष्टं लिहितो. ग्रोव्ह यांनी ही गफलत 1983 च्या पुस्तकातच ओळखली होती. त्यांचं उदाहरण कोलंबसचं आहे. राणी इसाबेलाला हवा होता पूर्वेकडे जाणारा व्यापारी मार्ग. तो काही कोलंबसला सापडला नाही. लिहून दिलेल्या उद्दिष्टाशी ताडून पाहिलं तर तो नापास. म्हणून हे तक्ते माणसाला स्वतःची चाल तपासायला द्यायचे, त्यांवरून त्याचा वार्षिक शेरा ठरवायचा नाही, असं ग्रोव्ह यांनी तिथं स्पष्ट लिहून ठेवलं आहे.